डॉक्टरची झोप आणि ४८ तासांचा कायदा

१/ रुग्णालयातच, बोलावणे येईल या तयारीने काढलेली झोप ही विश्रांती की काम? या प्रश्नाच्या उत्तराने युरोपातील सार्वजनिक रुग्णालयांचे वेळापत्रक बदलून टाकले.

२/ १९९३ च्या युरोपीय निर्देशाने कामाचा आठवडा सरासरी ४८ तासांवर आणला. प्रशिक्षणार्थी डॉक्टर मात्र वगळले गेले. २००० च्या दुरुस्तीने त्यांनाही सामावून घेतले : २००४ पासून ५८, २००७ पासून ५६ आणि २००९ पासून ४८ तास.

३/ खरा पेच मोजणीचा होता. जर्मनीतील कील येथील डॉ. नॉर्बर्ट येगर यांना ड्यूटीच्या रात्री रुग्णालयात झोपण्यास खोली मिळे आणि झोपेचा वेळ विश्रांती म्हणून धरला जाई. ९ सप्टेंबर २००३ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला : रुग्णालयात हजर राहणे बंधनकारक असेल, तर झोपेचे तासही कामाचेच.

४/ परिणामी रात्रीचे सर्व तास हिशेबात आले आणि तेवढ्याच डॉक्टरांत पाळ्या भागवणे कठीण झाले. त्यावर अनेक देशांनी निर्देशातच असलेल्या सवलतीचा आधार घेतला : डॉक्टरने स्वतः संमती दिली, तर ४८ तासांची मर्यादा त्याला लागू होत नाही. वरिष्ठांच्या शिफारशीवर भवितव्य अवलंबून असलेल्या तरुण डॉक्टरची ती संमती कितपत मुक्त असते, हा वाद तिथूनच सुरू झाला.