सोवळं, परीटघडी आणि वॉशिंग पावडर: आपल्या धुण्याचा इतिहास

हा भाग ऐकता ऐकता तुमच्यापैकी काही जण कपडे वाळत घालत असतील, याची मला खात्री आहे. पॉडकास्ट आणि धुणं, दोन्ही रविवार सकाळची कामं. तर आज त्या बादलीबद्दलच बोलूया.

मशीनसोबत आलेली पुस्तिका सांगते की पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, नाजूक वेगळे. आपल्याला वाटतं, कपडे वेगळे करायचे ते रंग लागू नये म्हणून. पण शंभर वर्षांपूर्वीच्या बऱ्याच मराठी घरांत ही वर्गवारी रंगावर नव्हतीच. ती स्पर्शावर होती. कुठला कपडा कुणी धुतला, कुणी वाळत घातला आणि वाळल्यावर त्याला कुणाचा हात लागला, हे बघितलं जायचं.

सोवळं पाळणाऱ्या घरात, म्हणजे मुख्यतः ब्राह्मण घरांत, स्वयंपाकाचं आणि पूजेचं वस्त्र घरच्याच माणसाने धुवायचं. मग ते काठीने उचलून उंच वलणीवर टाकायचं, येता-जाता कुणाचा धक्का लागू नये इतकं उंच. वाळलेल्या सोवळ्याला शाळेतून आलेल्या पोराने हात लावला की ते ओवळं झालं, परत धुवा. हे झालं सुती कपड्याचं. रेशमी मुकटा, कद किंवा लोकरीची धाबळी यांना सूट होती, ती रोज धुवावी लागत नसत. म्हणजे बघा, चार दिवस न धुतलेला मुकटा सोवळ्यात चालतो, पण परटाकडून आलेलं पांढरंशुभ्र धोतर चालत नाही! माझ्या भाषेत सांगायचं तर ‘स्वच्छ’ आणि ‘शुद्ध’ ही दोन वेगळी व्हेरिएबल्स होती, आणि निर्णय दुसऱ्यावर व्हायचा.

आता परटाकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला धान्याच्या रूपात बलुतं घ्यायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात ही सगळी व्यवस्था वाचायला मिळते. जरूर वाचा, भाषा जुनी आहे पण मजा येते. लग्नात परीट नवरदेवाच्या वाटेवर कापड अंथरायचा, त्या पायघड्या. आज आपण पाहुण्यांसाठी, नेत्यांसाठी ‘पायघड्या घालतो’, पण त्या घालणारा माणूस शब्दातून गळून गेलाय.

अजून एक भारी गोष्ट. इतक्या घरांचे कपडे एकाच घाटावर, मग कुणाचं कुठलं हे कळायचं कसं? त्यासाठी बिब्बा. बिब्ब्याचा रस चुन्यासोबत कापडावर लावला की काळी खूण उठते आणि ती धुऊन जात नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी. म्हणून तर इंग्रजीत या फळाचं नावच ‘मार्किंग नट’ पडलं. अंगाला बिब्बा लागला तर तो उततो, फोड येतात, आणि कपड्यावरच्या खुणेनेही काहींच्या कातडीला त्रास व्हायचा. लिहिता न येणाऱ्या माणसांनी चालवलेला हा डेटाबेस होता. मुंबईच्या महालक्ष्मीच्या धोबीघाटावर आजही खुणा बघून कपडे लावले जातात. ‘धोबी तलाव’चं मात्र फक्त नाव उरलंय, तळं कधीच बुजलं.

आणि ‘परीटघडी’ हा शब्द. कडक, इस्त्रीचा, कोरा करकरीत कपडा म्हणजे परीटघडीचा. बाहेर मिरवायला परटाची घडी हवी, पण देवघरात त्याच घडीचा विटाळ. ही विसंगती कुणाला खटकत नसे.

पण याच्या खाली अजून एक पायरी होती. परटाला कमी लेखणाऱ्या याच गावगाड्यात, परटाने दलितांचे कपडे धुवायचे नाहीत असाही नियम होता. न्हाव्याने त्यांची हजामत करायची नाही आणि परटाने कपडे घ्यायचे नाहीत. मग उलट त्यांनाच ‘अस्वच्छ’ म्हणायचं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी बोलले, तेव्हा लुगडं नेसायची पद्धत आणि कपड्यांची स्वच्छता हे विषय त्यात होते. या पार्श्वभूमीवर ते वाचलं की कळतं, हा टापटिपीचा सल्ला नव्हता. कपड्यावरून जात ओळखू येऊ नये, हा त्यातला मुद्दा होता.

गाडगेबाबा आठवतात इथे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात परीट कुटुंबात जन्मलेला माणूस. ज्यांच्या जातीने अख्ख्या गावाचे कपडे धुतले, त्यांनी स्वतः आयुष्यभर चिंध्या जोडलेली गोधडी पांघरली आणि हातात घेतला तो झाडू. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत.

मग हे सगळं बदललं कशाने? सुधारणा, शिक्षण, शहरं, हे आहेच. पण पावडरीच्या पुडीचाही वाटा आहे, असं माझं मत. आधी राख, रिठा, धुण्याचा सोडा. १८८८ मध्ये इंग्लंडहून ‘सनलाइट’ साबण कलकत्त्याला उतरला. साबणात जनावराची चरबी असते म्हणून अनेकांना तो चालत नसे. त्यावर उपाय म्हणून गोदरेजने १९१८ मध्ये वनस्पती तेलाचा ‘चावी’ काढला. पण साबणाची एक अडचण होती, ती रसायनाची. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरींचं आणि बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियममुळे साबणाला फेस येत नाही, उलट कपड्यावर करडा थर बसतो. डिटर्जंटला ही अडचण फार येत नाही. १९५९ मध्ये ‘सर्फ’ आलं, पण ते महाग. १९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेलांनी घरामागे पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली, तीच ‘निरमा’. सर्फच्या कितीतरी कमी किमतीत. आता पांढरा सदरा घालायला परीट नको, त्याची मेहेरबानी नको, आणि त्याचा नकारही नको.

फक्त एक झालं. परटाचं काम गेलं ते घरातल्या बाईकडे आलं. भिजवा, घासा, आपटा, खळबळा, पिळा, वर पांढऱ्यांना नीळ द्या. मशीन आली तीही बराच काळ सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे धुतलेले कपडे ओले काढून दुसऱ्या खणात टाकायला माणूस लागतोच. पाणी तासभर आणि वीज भरवशाची नाही, अशा घरात तेच परवडायचं. जाहिरातीत डाग बघून काळजीत पडलेली कोण असायची, हे वेगळं सांगायला नको.

आता तुमच्या दोरीकडे बघा. टॉवेल, शर्ट, जीन्स बाहेर ऐटीत. ब्रा आणि चड्ड्या कुठे? टॉवेलखाली, नाहीतर बाथरूमच्या कोपऱ्यात. मी राहिले त्या प्रत्येक पीजीत हेच होतं, कुणी शिकवलं नव्हतं तरी. पाळीचं कापड वापरणाऱ्या बायकांची तर अजून पंचाईत. ‘बाजूला बसायची’ पद्धत बऱ्याच घरांतून गेली, पण ते कापड अजूनही कपाटामागे, गादीखाली, दुसऱ्या ओल्या कपड्याच्या आत वाळतं. खरं तर वाळतच नाही, ओलंच राहतं. डॉक्टर सांगतात ते अगदी सरळ आहे: साबणाने धुवा, भरपूर पाण्यात खळबळा, कडक उन्हात पूर्ण वाळवा. ऊन फुकट आहे, आणि दमट कापडात वाढणाऱ्या जंतूंवर ते चांगलं काम करतं. अडतं ते फक्त कोण बघेल यावर. सोवळ्याची वलणी कुणाचा हात लागू नये म्हणून उंच होती. ही दोरी कुणाची नजर पडू नये म्हणून अंधारात आहे, आणि हिच्यामुळे इन्फेक्शन होऊ शकतं.

तुमच्या घरी आजीच्या वेळी कुठले कपडे वेगळे धुवायचे आणि कुठे वाळत घालायचे, ते तिला विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात इस्त्री. कोळशाची.