आमदार नेमकं करतात काय? भूमिपूजन, आरोग्य शिबिर, लक्षवेधी आणि ‘निधी मंजूर’ची भानगड

फेसबुक उघडलं की आमदार दिसतात. कुठे रस्त्याच्या भूमिपूजनाचा नारळ फुटतोय, कुठे महाआरोग्य शिबिरात चष्मेवाटप चाललंय, कुठे दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार. मध्येच विधानसभेतल्या भाषणाचा दीड मिनिटाचा तुकडा येतो, मागे जोरकस संगीत असतं आणि खाली कार्यकर्त्यांच्या ‘वाघ’, ‘कार्यसम्राट’ अशा कमेंट. यातलं आमदाराचं मूळ काम कोणतं, सवयीने अंगावर आलेलं काम कोणतं आणि निव्वळ प्रसिद्धी कोणती, हे त्या गर्दीत कळत नाही. कळलं तर मात्र आपल्या आमदाराकडे नेमकं काय मागायचं हेही कळतं.

महाराष्ट्र विधानसभेत २८८ आमदार आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या पुढे होती, म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सरासरी ३ लाख ९० हजार माणसं. विधान परिषदेतले ७८ आमदार वेगळे. त्यांतले ३० विधानसभेचे आमदार निवडून देतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात, शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांतून प्रत्येकी ७, आणि १२ जणांची नियुक्ती राज्यपाल करतात. ‘आमच्या भागाचे आमदार’ असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा विधानसभेच्या सदस्याला.

मतदारसंघातलं काम

राज्यघटनेच्या दृष्टीने आमदाराची कामं तीन: कायदे करणं, सरकारच्या खर्चाला मंजुरी देणं आणि सरकारला जाब विचारणं. चष्मेवाटप त्यात कुठेही नाही. तरी सकाळी आमदाराच्या संपर्क कार्यालयासमोर जी रांग लागते, तिला कायद्याशी फारसं देणंघेणं नसतं. कुणाला मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात खाट हवी असते, कुणाची संजय गांधी निराधार योजनेची फाईल तहसीलमध्ये अडकलेली असते, कुणाला मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी शिफारसपत्र हवं असतं, कुणाचा ट्रान्सफॉर्मर जळून आठवडा झालेला असतो.

आमदाराचं पत्र हा आदेश नसतो. अधिकाऱ्यावर ते बंधनकारक नसतं. पण आमदाराच्या लेटरहेडवरचा अर्ज आणि साधा अर्ज यांना कचेरीत सारखी वागणूक मिळत नाही, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून रांग हटत नाही. यातली बरीच कामं तलाठी, ग्रामसेवक किंवा महावितरणचा अभियंता वेळेवर करत असता तर आमदाराकडे आलीच नसती.

शिबिरं, दहीहंडी, सामुदायिक विवाह, हळदीकुंकू, वह्यावाटप, नोकरी मेळावा हे कार्यक्रम बहुतेक वेळा एखाद्या प्रतिष्ठानच्या किंवा मित्रमंडळाच्या नावाने होतात. त्यांचा खर्च आमदार निधीतून होत नाही, होऊ शकतही नाही. तो निधी रस्ता, पाण्याची टाकी, सभामंडप, शाळेची खोली अशा सार्वजनिक आणि टिकाऊ कामांसाठी असतो. मग शिबिराचा मंडप, जेवणावळी आणि बॅनरचे पैसे येतात कुठून? देणगीदार, पक्ष, स्वतःच्या संस्था, आणि कधी ज्यांची नावं बॅनरवर नसतात असे लोक. हा प्रश्न सहसा कमेंटमध्ये कुणी विचारत नाही.

शिबिरं निरुपयोगी असतात असं मात्र नाही. ज्या तालुक्यात नेत्रतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येतो, तिथे मोतीबिंदूची मोफत तपासणी ही म्हाताऱ्या माणसाला मोठीच सोय असते. अडचण एवढीच, की शिबिर एका दिवसाचं असतं आणि ग्रामीण रुग्णालयातलं रिक्त पद वर्षभर रिक्तच राहतं. ते पद भरायला लावण्याची जागा विधानसभेत आहे.

पाच कोटी कुणाच्या हातात?

आमदार स्थानिक विकास निधीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. २०२२ च्या राज्य अर्थसंकल्पात हा निधी प्रत्येक आमदारासाठी वर्षाला ४ कोटींवरून ५ कोटी करण्यात आला. खासदारांचा निधी २०११-१२ पासून ५ कोटी आहे. पण हे पैसे आमदाराच्या खात्यावर येत नाहीत. आमदार फक्त काम सुचवतात. काम नियमात बसतं का ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतलं जिल्हा नियोजन कार्यालय बघतं, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि प्रत्यक्ष काम सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा नगरपालिका करून घेते. ठेकेदाराचं बिलही तीच यंत्रणा देते. खासदार निधीला न्यायालयात आव्हान मिळालं होतं. लोकप्रतिनिधीने खर्चाची कामं सुचवणं घटनेत बसतं का, असा तो वाद होता. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना वैध ठरवली.

पाच कोटी ही रक्कम ऐकायला मोठी, पण मतदारसंघात शंभराहून जास्त गावं असली तर एका गावाच्या वाट्याला पाच लाखही येत नाहीत. एवढ्यात एखादी गल्ली काँक्रीटची होते. म्हणून हुशार आमदार आपल्या निधीपेक्षा इतर लेखाशीर्षांकडे जास्त लक्ष देतात. ग्रामविकास विभागाचं ‘२५१५’ हे त्यांतलं प्रसिद्ध. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी त्यातून पैसा मिळतो. त्याशिवाय जिल्हा वार्षिक योजना, बांधकाम विभागाचा अर्थसंकल्प आणि पुरवणी मागण्या. मोठे रस्ते आणि पूल होतात ते याच वाटांनी. कोणत्या मतदारसंघातलं काम यादीत बसतं आणि कुणाचं राहतं, यावरून दर अधिवेशनात कुरबुर होते. सत्तेतल्या आमदाराला जास्त मिळतं ही विरोधी बाकांवरची कायमची तक्रार. बाक बदलले की तक्रार करणारे बदलतात.

‘निधी मंजूर’ म्हणजे काय?

सोशल मीडियावर फसगत होते ती इथे. ‘आमदारसाहेबांच्या पाठपुराव्याला यश, अमुक रस्त्यासाठी २० कोटी मंजूर’ अशी पोस्ट दिसते. पण सरकारी भाषेत मंजुरी एका फटक्यात होत नाही. आधी तत्त्वतः मान्यता. ती म्हणजे ‘करायला हरकत नाही’ एवढंच, तिच्यामागे पैसा असेलच असं नाही. मग अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागणीत तरतूद. ती अनेकदा एकूण खर्चाचा छोटासा भाग असते, कारण एकदा काम पुस्तकात आलं की पुढच्या वर्षी उरलेलं मागता येतं. मग प्रशासकीय मान्यता, अभियंत्यांची तांत्रिक मान्यता, निविदा, आणि शेवटी ठेकेदाराला कार्यारंभ आदेश. रोलर फिरतो तो यानंतर.

यातल्या कोणत्याही पायरीवर पेढे वाटता येतात आणि वाटले जातात. एकाच रस्त्याच्या बातम्या म्हणूनच दोन-तीन वर्षांत तीन-चारदा येतात आणि रस्ता तिथेच असतो. भूमिपूजन कार्यारंभ आदेशानंतर व्हावं ही साधी अपेक्षा, पण निवडणुकीची आचारसंहिता जवळ आली की क्रम उलटतो. आचारसंहितेत नव्या कामांच्या घोषणा आणि भूमिपूजनं करता येत नाहीत, म्हणून त्याआधीच्या पंधरवड्यात एकेका दिवसात दहा-दहा नारळ फुटतात.

पोस्टखाली विचारायचा नेमका प्रश्न असा: ‘प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय कोणत्या तारखेचा, आणि कार्यारंभ आदेश झाला का?’ शासन निर्णय, म्हणजे जीआर, राज्य सरकारच्या संकेतस्थळावर तारखेनुसार आणि विभागानुसार मिळतात. त्यासोबतच्या जोडपत्रात बहुतेक वेळा कामाचं नाव आणि रक्कम असते.

नारळ कुणी फोडायचा हाही गंभीर विषय असतो. सरकारी कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेत स्थानिक आमदाराचं नाव राजशिष्टाचाराप्रमाणे असावं लागतं. ते राहिलं तर अधिकाऱ्याविरुद्ध हक्कभंगाची सूचना थेट विधिमंडळात येऊ शकते. पत्रिका छापण्याआधी तहसीलदार ती चारदा का वाचतात, ते यावरून समजावं.

विधिमंडळातली हत्यारं

वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूरचं अधिवेशन १९५३ च्या नागपूर करारातून आलेलं आहे. एरवी ज्यांना मंत्रालय गाठणं परवडत नाही अशा संघटनांचे मोर्चे त्या दिवसांत नागपुरात निघतात.

तारांकित प्रश्न हे रोजचं हत्यार. त्याची भाषा ठरलेली: ‘अमुक गावातील पाणीपुरवठा योजना बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास विलंबाची कारणे काय?’ उत्तरही ठरलेलं: ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. वाचायला रुक्ष, पण या प्रश्नाचं बळ मोठं आहे. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातून माहिती मागवली जाते, जिल्ह्यातलं कार्यालय खडबडून जागं होतं आणि रखडलेली फाईल उत्तर देण्याआधीच हलते. प्रश्न सभागृहात पुकारला गेला तर उपप्रश्न विचारता येतात. वेळ संपला तर लेखी उत्तरावर भागवावं लागतं.

लक्षवेधी सूचना तातडीच्या सार्वजनिक प्रश्नासाठी. विधानसभेच्या नियम १०५ खाली ती दिली जाते, अध्यक्षांनी स्वीकारली तर मंत्री निवेदन करतात आणि सदस्य प्रश्न विचारतात. चौकशी लावू, निलंबन करू, महिन्याभरात बैठक घेऊ, अशा घोषणा इथेच होतात. व्हायरल होणारे तुकडेही बहुतेक लक्षवेधीचे असतात. औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा आणि अर्थसंकल्पातल्या मागण्यांवरची कपात सूचना ही आणखी काही साधनं.

व्हिडिओत कधीच न दिसणारी जागा म्हणजे समित्या. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला का, हे आश्वासन समिती तपासते. लोकलेखा समिती झालेल्या खर्चाचा हिशेब घेते. पंचायत राज समिती दौऱ्यावर येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात. इथे कॅमेरा नसतो, त्यामुळे इथे मन लावून बसणारा आमदार लोकांना ठाऊकच होत नाही.

कायदे करण्याच्या बाबतीत एकट्या आमदाराची ताकद कमी आहे. जवळजवळ सगळी विधेयकं सरकार आणतं. अशासकीय विधेयक कोणीही सदस्य मांडू शकतो, पण ते क्वचितच पार होतं. संसदेत तर १९७० नंतर असं एकही विधेयक कायदा झालेलं नाही. शिवाय पक्षाचा व्हिप मोडून मतदान केलं तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली सदस्यत्व जाऊ शकतं.

गावातला प्रश्न कायद्यापर्यंत कसा गेला?

तरीही वाट बंद नाही. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. कोरडवाहू गावात पाऊस नसला की हाताला काम नाही, हे त्यांनी जवळून पाहिलेलं. मागेल त्याला काम द्यावं ही कल्पना त्यांनी सरकारपुढे मांडली आणि विसापूर परिसरात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर निघाली, पुढे विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैशाचीही सोय झाली. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर त्यासाठीच सुरू झाला. केंद्राचा रोजगार हमी कायदा आला तो २००५ मध्ये.

दुसरं उदाहरण सांगोल्याचं. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. त्यातला बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते. एसटीने फिरणारे आमदार ही त्यांची लोकांमधली ओळख. पण सांगोल्याला त्यांचा उपयोग झाला तो दुष्काळी तालुक्याचा पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं सभागृहात आणि बाहेर लावून धरल्यामुळे. आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत ते उभे राहिले, सभागृहात उपसा सिंचनासाठी निधी मागत राहिले, तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी केली. १९९५ मध्ये ते दोनशेपेक्षा कमी मतांनी हरले आणि १९९९ मध्ये परत आले. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्या आमदाराचं काम कसं तपासायचं?

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाज मिळतं. त्यात आमदाराचं नाव आणि तालुक्याचं नाव शोधावं. प्रश्नांची नुसती संख्या मोजू नये, कारण एकाच प्रश्नाखाली वीस-पंचवीस सदस्यांच्या सह्या असतात. आपल्या भागाबद्दल काय विचारलं आणि उत्तरानंतर काय घडलं ते पाहावं. मंत्रिपद असलेले आमदार प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात, त्यामुळे त्यांची तुलना इतरांशी करता येत नाही.

आमदार निधीतून सुचवलेल्या कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयाकडे असते. माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करून ती मागता येते. अर्जात वर्ष, गाव, कामाचं नाव, मान्यतेची तारीख, खर्च झालेली रक्कम आणि काम पूर्ण झालं का, एवढंच नेमकं लिहावं. यादी हातात आली की तिच्यातली सभामंडपांची संख्या आणि शाळाखोल्यांची संख्या शेजारी-शेजारी मांडून पाहावी.