न्यूरेंबर्गची मीठ-चाचणी

बव्हेरियातील न्यूरेंबर्ग शहरात १८३५ मध्ये नागरिकांनी पुढाकार घेऊन केलेली होमिओपॅथीच्या औषधाची जाहीर परीक्षा. औषध कोणाला मिळाले आणि नुसते पाणी कोणाला, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही, अशा पद्धतीने झालेल्या अगदी सुरुवातीच्या चाचण्यांत तिची गणना होते. आज नव्या औषधाला ज्या डबल ब्लाइंड कसोटीतून जावे लागते, तिची बहुतेक अंगे या चाचणीत होती. ‘औषध घेतले आणि गुण आला’ या वाक्यात दोन विधाने दडलेली असतात. गुण आला, हे एक आणि तो औषधाने आला, हे दुसरे. न्यूरेंबर्गकरांनी ती वेगळी केली, आणि होमिओपॅथीविषयीचा वाद समजून घ्यायचा तर ती वेगळीच ठेवावी लागतात.

होमिओपॅथीचा प्रवर्तक सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) हा सॅक्सनीतील माइसेनचा. विल्यम कलेन यांच्या औषधीग्रंथाचे भाषांतर करताना १७९० मध्ये त्याने सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली. तेव्हा हिवतापासारखी लक्षणे जाणवली, असे त्याने नोंदवले. निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणे उत्पन्न करते, तेच द्रव्य ती लक्षणे असलेला रोग बरा करते, हा सिद्धांत त्याने यातून काढला आणि १८१० च्या ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथात सविस्तर मांडला. त्या काळचे वैद्यक रोग्याच्या शिरा कापून रक्त काढत असे, जळवा लावत असे, पाऱ्याचे क्षार पोटात देत असे. त्या छळाविरुद्ध हानेमानने आवाज उठवला, हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. आक्षेप आहे तो त्याच्या दुसऱ्या सिद्धांताला. औषध जितके विरल करावे आणि प्रत्येक पायरीला जोराने हलवावे, तितकी त्याची शक्ती वाढते, असे तो मानत होता. शंभर भाग पाण्यात एक भाग औषध, त्यातला पुन्हा एक भाग शंभर भागांत, असे तीस वेळा केले की ‘३० पोटेन्सी’ तयार होते.

न्यूरेंबर्गमधील रुग्णालयांचे वरिष्ठ अधिकारी आणि कवी शिलरचे बालमित्र फ्रीड्रिख व्हिल्हेल्म फॉन होवेन यांनी १८३४ मध्ये टोपणनावाने होमिओपॅथीवर कडक टीका केली. रुग्णांना आलेला गुण हा पथ्याचा, निसर्गाचा आणि कल्पनेचा परिणाम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर योहान याकोब रॉयटर या होमिओपॅथने आव्हान दिले: मिठाचे ३० पोटेन्सीचे औषध फॉन होवेन यांनी स्वतः घ्यावे, त्यांना काहीतरी विलक्षण जाणवेलच, आणि याची शक्यता एकास दहा आहे. हे आव्हान भांडणातच विरून गेले असते, पण शहरातील एका वृत्तपत्राचा संपादक लोनर आणि त्याचे सहकारी यांनी ते शब्दशः मनावर घेतले. १९ फेब्रुवारी १८३५ रोजी ‘रेड रूस्टर’ या खानावळीत शंभरांहून अधिक नागरिक जमले. शंभर बाटल्यांना क्रमांक देऊन त्या सरमिसळ केल्या आणि पन्नास-पन्नासाचे दोन गट पाडले. एका गटात ऊर्ध्वपातित बर्फाचे पाणी भरले, दुसऱ्यात त्याच पाण्यात तीस वेळा विरल केलेले मीठ. कोणत्या क्रमांकात काय आहे याची यादी मोहोरबंद केली. एकूण ५४ जणांनी बाटल्या नेल्या. तीन आठवड्यांनी ५० जणांचे जबाब आले, आणि यादी त्यानंतरच फोडण्यात आली. ४२ जणांना काहीही जाणवले नव्हते. उरलेल्या आठ जणांना काहीतरी जाणवले होते, त्यांतले पाच मिठाच्या बाटलीचे होते आणि तीन निव्वळ पाण्याच्या.

एवढ्या थोड्या माणसांत पाच आणि तीन यांतला फरक योगायोगानेही पडू शकतो. संयोजकांनीही हा निर्णय अंतिम मानला नाही, मोठ्या संख्येने परीक्षा पुन्हा व्हावी असेच सुचवले. तरीही रॉयटरच्या एकास दहा या दाव्याचा निकाल यात लागलाच. चाचणीचे खरे बळ मात्र वेगळ्या गोष्टीत आहे. रेणूंचा आकार किती, याचा पहिला बऱ्यापैकी अंदाज शास्त्रज्ञ लोश्मिटने चाचणीनंतर, १८६५ मध्ये केला. त्यामुळे ठरावीक वजनात किती कण असतात, याचा आता हिशेब मांडता येतो: गुंजेच्या आसपास वजनाचे मीठ घेऊन सुरुवात केली तर दहाव्या-अकराव्या पायरीलाच मिठाचा शेवटचा कण संपतो, आणि पुढच्या जवळजवळ वीस पायऱ्यांत पाण्यातच पाणी मिसळत राहते. ज्या पाण्यात हे सारे चालते त्यातली मिठाची अशुद्धी त्या तथाकथित औषधापेक्षा कितीतरी जास्त असते. यातले काहीही न्यूरेंबर्गकरांना ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. ‘विज्ञानाला अजून न कळलेली शक्ती असेल’ हा बचाव इथे लागू होत नाही तो यामुळेच. शक्ती कोणती, हे चाचणी विचारतच नाही. दोन बाटल्यांतला फरक कोणाला ओळखता येतो का, एवढेच ती विचारते.

पाणी पिऊन ज्या तिघांना काहीतरी जाणवले, ते खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. नुसत्या अपेक्षेने शरीरात काही घडते, याला प्लासिबो परिणाम म्हणतात. तो केवळ मनाचा खेळ नाही. दाढ काढल्यानंतर प्लासिबोने थांबलेली कळ, अफूसारख्या वेदनाशामकांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिल्यावर परत येऊ शकते, हे १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाखवले. शरीर स्वतःची वेदनाशामके वापरत असावे, याचा तो पुरावा होता. मात्र होमिओपॅथीवर टीका करणारेही एक चूक वारंवार करतात. गोळीने नाही ना, मग सगळा गुण प्लासिबोचा, असे ते मानतात. हेन्री बीचर यांनी १९५५ मध्ये प्लासिबोने सुमारे ३५ टक्के रुग्णांना आराम पडतो असे लिहिले, आणि तो आकडा पुढे सर्वत्र उद्धृत झाला. पण काहीच न घेतलेल्या रुग्णांशी तुलना त्यांनी केली नव्हती. ह्रोबियार्टसन आणि गोएत्शे यांनी २००१ मध्ये अशी तुलना असलेल्या ११४ चाचण्या तपासल्या. वेदनेसारख्या, रुग्णाने स्वतः सांगायच्या गोष्टींत थोडा फरक दिसला, यंत्राने मोजायच्या गोष्टींत तो जवळजवळ दिसलाच नाही. मग बाकीचा गुण येतो कुठून? माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती दुखणे शिगेला पोहोचल्यावर. शिगेला पोहोचलेले दुखणे बहुधा उतरतेच, आणि उताराच्या वेळी हातात जी बाटली असेल तिला यश मिळते.

होमिओपॅथीच्या बाजूने येणारे काही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. औषध माणसागणिक निवडावे लागते, सरसकट चाचणीत ते कसे बसणार, हा त्यांतला पहिला. पण होमिओपॅथने हवे तितके बारकाईने औषध निवडावे आणि पुडीत ते घालायचे की साखर, एवढेच तिसऱ्याने चिठ्ठीने ठरवावे, अशी सोय सहज करता येते आणि अशा चाचण्या झालेल्याही आहेत. तान्ह्या मुलाला आणि जनावराला कुठली आलीय अपेक्षा, हा दुसरा. अपेक्षा मुलाची नसते, पण बरे वाटते आहे का हे ठरवणाऱ्या आईची असते, आणि ताप आपल्या गतीने उतरतो तो मुलाचाही आणि वासराचाही. १८५४ च्या कॉलऱ्यात लंडनच्या होमिओपॅथिक रुग्णालयात इतर रुग्णालयांपेक्षा पुष्कळ कमी रुग्ण दगावले, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो वस्तुस्थितीला धरून आहे. पण अंगातले पाणी आटत चाललेल्या रोग्याचे रक्त काढणे आणि त्याला जुलाब देणे जिथे टळले, तिथे जास्त माणसे वाचणारच. काही न करणे हे घातक उपचारापेक्षा बरे होते, एवढेच त्यावरून सिद्ध होते. आज कॉलऱ्यावर मीठ-साखरेचे पाणी आणि सलाइन आहे, त्यामुळे ती तुलनाच उरलेली नाही.

काही चाचण्या होमिओपॅथीच्या बाजूनेही निघतात, हे खरे. शांग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक औषधांच्या ११० चाचण्या समोरासमोर ठेवल्या. लहान आणि ढिसाळ चाचण्यांत दोन्हीकडे यश फुगलेले होते. मोठ्या आणि काटेकोर चाचण्या निवडताच औषधांचा परिणाम टिकून राहिला, होमिओपॅथीचा प्लासिबोपासून वेगळा काढता येईना. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ मध्ये या गोळ्या लिहून देणे थांबवण्याची शिफारस केली. फ्रान्सने २०२१ पासून सरकारी विम्यातून त्यांचा परतावा बंद केला. भारतात मात्र १९७३ च्या केंद्रीय कायद्यापासून या पद्धतीला राजमान्यता आहे, आणि २०२० मध्ये करोनाच्या प्रतिबंधासाठी ‘आर्सेनिकम आल्बम ३०’च्या गोळ्या महाराष्ट्रात वस्त्यावस्त्यांतून वाटल्या गेल्या. ही पोटेन्सी न्यूरेंबर्गच्या मिठाचीच होती.

गोड गोळीने बिघडते काय, हा प्रश्न सहानुभूतीने विचारला जातो, आणि साध्या पडशापुरते उत्तर ‘फारसे काही नाही’ असेच आहे. पण २०११ मध्ये वेक्स्लर आणि सहकाऱ्यांनी दम्याच्या रुग्णांवर केलेला प्रयोग डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. खरा इन्हेलर घेतल्यावर श्वासाची मोजलेली ताकद सुमारे २० टक्क्यांनी वाढली. खोटा इन्हेलर घेतल्यावर ती सुमारे ७ टक्क्यांनीच वाढली, आणि काहीही न देता नुसते बसवून ठेवल्यावरही तेवढीच. तरीही खोटा इन्हेलर घेतलेल्यांना बरे वाटले ते जवळजवळ खरा घेतलेल्यांइतकेच. अशा वेळी रुग्ण मोकळेपणाने हसून सांगतो की आता बरे आहे, घरचे निश्चिंत होतात, आणि श्वासनलिका मात्र आवळलेलीच राहते.