भोगवट्याचा कागद

कुलाब्याच्या 'आदर्श'चं नाव काढलं की राजकारणच आठवतं. मला त्यातला एक साधा कागद महत्त्वाचा वाटतो: भोगवटा प्रमाणपत्र.

फेब्रुवारी १९९१ मध्ये केंद्राने सीआरझेडची अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आतल्या बांधकामांना अटी लागल्या. ती मंजुरी न घेताच 'आदर्श'चे ३१ मजले चढले. तरी सप्टेंबर २०१० मध्ये एमएमआरडीएने भोगवटा दिलाच!

बोभाटा झाल्यावर तो रद्द झाला, पाणी-वीज तोडली. जानेवारी २०११ मध्ये पर्यावरण मंत्रालय म्हणालं, तीन महिन्यांत इमारत पाडा. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टही तेच म्हणालं. जुलैत सुप्रीम कोर्टाने पाडकाम थांबवलं आणि इमारत लष्कराच्या ताब्यात द्यायला सांगितलं.

आता गंमत बघा. पाडायचे दोन आदेश निघाले, पण इमारत उभीच. लोकांचं राहायला जाणं मात्र अडलं, ते त्या रद्द झालेल्या कागदामुळे नि तोडलेल्या नळामुळे.

केरळात मरडूला उलटं झालं. पाण्याकाठची चार गृहसंकुलं जानेवारी २०२० मध्ये खरंच स्फोटाने पाडली, पण तोवर लोक तिथे कित्येक वर्षं राहत होते. घरं त्यांची गेली.

आपण भवानी पेठेत फ्लॅट बघायला गेलो तरी "पझेशन कधी?" एवढंच विचारतो. "भोगवटा मिळाला का?" हे आधी विचारा. मोडलेली अट लोक राहायला जायच्या आधी पकडली तर झळ बिल्डरला बसते. नंतर पकडली तर घर घेणाऱ्याला.