सॉलिसिटर उमेदवारी : मुंबईच्या लॉ फर्म आणि नाशिकचे अर्जदार

सॉलिसिटर उमेदवारी (रूढ नाव : आर्टिकलशिप) : अनुभवी सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षे काम करून आणि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा उत्तीर्ण होऊन सॉलिसिटर होण्याची पद्धत. ही संस्था १८९४ सालची असून तिची परीक्षा अवघड समजली जाते. वकिली करण्यासाठी आज ही पात्रता कायद्याने आवश्यक नाही. राज्य बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा एवढ्यावर कोणालाही न्यायालयात उभे राहता येते. तरीही मुंबईच्या फोर्ट भागातील जुन्या फर्ममध्ये आर्टिकलशिपला वजन आहे. नव्या फर्ममध्ये तिची जागा बऱ्याच अंशी इंटर्नशिप आणि त्यानंतरच्या नेमणुकीने घेतली आहे. नाशिकच्या विद्यार्थ्याला दोन्ही वाटा खुल्या असल्याने येथे दोन्हींचा विचार केला आहे.

सॉलिसिटरचा पेशा नाशिकात का रुजला नाही, याचे कारण न्यायालयांच्या रचनेत आहे. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या मूळ शाखेत (ओरिजिनल साइड) मुंबई शहरातले मोठे दिवाणी दावे थेट दाखल होत. तेथे अशिलाशी बोलणे, कागद तयार करणे आणि दावा चालता ठेवणे हे ॲटर्नीचे, म्हणजे सॉलिसिटरचे, काम होते. न्यायाधीशापुढे युक्तिवाद दुसरा वकील करी, तोही ॲटर्नीने सांगितल्यावरच. नाशिकचे दावे मात्र नाशिकच्याच दिवाणी न्यायालयात सुरू होत आणि तिथे एकच वकील सगळे पाही. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये १९७६ साली दुरुस्ती झाली आणि ॲटर्नी हा वेगळा कायदेशीर वर्ग संपला. मूळ शाखेतील वहिवाट मात्र राहिली. आजही मुंबईत ज्येष्ठ वकिलाला ‘ब्रीफ’ बहुधा फर्मकडूनच जाते.

या फर्म वयाने मोठ्या आहेत. क्रॉफर्ड बेली १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची, वाडिया गांधी १८८३ ची. १९१७ साली सुरू झालेल्या अमरचंद मंगलदासच्या २०१५ मध्ये दोन स्वतंत्र फर्म झाल्या. मराठी माणसाचे या पेशातले सर्वांत ठळक नाव बाळ गंगाधर खेर यांचे. मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. ते सॉलिसिटर होते आणि १९१८ मध्ये त्यांनी ‘मणिलाल अँड खेर’ ही फर्म उभी करण्यात भाग घेतला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

नाशिकचा या विषयाशी संबंध खेरांच्या फर्महूनही जुना आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या पदवी परीक्षेत अग्रस्थानी आल्या. विलायतेच्या शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती मात्र बाई म्हणून त्यांना नाकारली गेली. हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये तेथील बीसीएल या कायद्याच्या पदवीची परीक्षा देणारी पहिली स्त्री त्या ठरल्या. पदवी हाती येण्यास जवळपास तीस वर्षे लागली. परीक्षेनंतर लंडनमधील ली अँड पेंबर्टन या सॉलिसिटर फर्ममध्ये त्यांनी प्रत्यक्ष कामाचे शिक्षण घेतले. त्या वेळी इंग्लंडात स्त्रीला सॉलिसिटरही होता येत नव्हते आणि बॅरिस्टरही. म्हणजे शेवटी सनद मिळणार नाही हे माहीत असूनही त्यांनी ही उमेदवारी केली. मायदेशी परतल्यावर १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबी आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, पण नोंदणीसाठी १९२१ साल उजाडले. स्त्रियांच्या वाटेतली कायदेशीर अडचण भारतभर दूर झाली ती १९२३ च्या कायद्याने. नाशिकच्या प्रत्येक विधी महाविद्यालयात त्यांचे चित्र असायला हवे.

आजचा अर्ज बहुतेक वेळा इंटर्नशिपपासून सुरू होतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त असू नये, असाही नियम आहे. मोठ्या फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जाऊन मुले निवडतात. नाशिकचे एनबीटी लॉ कॉलेज किंवा मराठा विद्या प्रसारक समाजाचे विधी महाविद्यालय यांसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला स्वतः अर्ज पाठवून शिरकाव करून घ्यावा लागतो. ही असमानता खरी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. मात्र एकदा इंटर्न म्हणून टेबल मिळाले की कामच बोलते. चांगले काम करणाऱ्याला पुन्हा बोलावतात आणि त्यातूनच नेमणुकीचा प्रस्ताव येतो.

अर्ज म्हणजे एक-दोन पानांचा बायोडेटा आणि एक पानाचे पत्र. ते काही महिने आधी पाठवावे. शंभर फर्मना एकच मजकूर पाठवलेला वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. फर्मचे कोणते काम आपल्याला शिकायचे आहे ते पत्रात नेमके लिहावे : कंपन्यांची खरेदी-विक्री, बँकांची कर्जे, २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखालील प्रकरणे, लवाद की स्थावर मालमत्ता. मुलाखतीत कंपनी कायदा २०१३ आणि करार कायदा १८७२ यांवर प्रश्न हमखास येतात. इंग्रजी मसुदा स्वच्छ लिहिता येणे ही पहिली अट आहे आणि तिला पर्याय नाही. त्यासाठी रोज एखादा निकाल वाचून त्याचा सारांश लिहिण्याचा सराव वर्षभर आधीपासून करावा.

नाशिकचा विद्यार्थी अर्जात जे लिहायला लाजतो, ते बरेचदा त्याचे सर्वांत मोलाचे भांडवल असते. मुंबईच्या फर्ममध्ये कारखाना, गोदाम, सौरऊर्जा प्रकल्प किंवा टाउनशिपसाठी जमीन घेणारे अशील येतात. त्या जमिनींचे कागद मराठीत असतात : सातबारा, फेरफार, आठ-अ, कुळकायद्याचे ३२-म प्रमाणपत्र. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकताना १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ आड येते, तर कुळाने खरेदी केलेल्या जमिनीवर कलम ४३ चे निर्बंध असतात. जुन्या फेरफारातील एक ओळ चुकीची वाचली तर कोट्यवधींचा व्यवहार अडकतो. शहरात वाढलेल्या हुशार सहकाऱ्याला हा कागद दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो. निफाड किंवा दिंडोरीच्या मुलाने तो घरातच पाहिलेला असतो. जिल्हा न्यायालयातील वकिलाकडे टायटल सर्च (मालकी हक्काची तपासणी) शिकलेला, दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांच्या नोंदी तपासलेला विद्यार्थी हा अनुभव ‘किरकोळ कामे’ म्हणून दोन शब्दांत उरकतो. त्याऐवजी कोणते कागद तपासले, कोणता दोष सापडला, त्यावर काय सुचवले, हे अशिलाचे नाव न घेता तीन ओळींत लिहावे. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्यामुळे व्यापारी दावे जिल्हा पातळीवरही चालतात. सातपूर-अंबडच्या उद्योगांचे असे दावे जवळून पाहिले असतील तर तेही लिहावे.

परदेशाकडे पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट : इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आणि दोन वर्षांचा मान्य कामाचा अनुभव अशी रचना आली आहे. जुनी ‘ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट’ पद्धत मोठ्या फर्ममध्ये अजून चालते.

पैशाचा प्रश्न उरतोच. नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की फोर्टमधल्या फर्म चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण महिनाभर रोज ये-जा करणे कष्टाचे आणि मुंबईत राहणे महाग. पुष्कळ इंटर्नशिप बिनपगारी असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरी भागातील कनिष्ठ वकिलांना दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती विद्यार्थ्यांना लागू नाही. नाशिकच्या विधी महाविद्यालयांनी आणि वकील संघाने मिळून मुंबईतल्या महिन्याभराच्या इंटर्नशिपसाठी निवासाचा खर्च देणारा छोटा निधी उभा करावा आणि मुंबईत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्यात पहिली भर घालावी.