कपाटातल्या स्लाइड आणि अजिंठ्याची जळालेली चित्रे

१८४४ साली मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी धाडण्यात आले. कित्येक वर्षे खपून त्याने तैलरंगांत मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

याच गिलने कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे मात्र टिकली. जेम्स फर्ग्युसन यांच्या १८६४च्या ग्रंथात त्याची ७४ छायाचित्रे होती आणि ग्रंथाच्या प्रती अनेक ठिकाणी पोहोचल्या होत्या.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण जळगाव-धुळ्यातील जुन्या घरांच्या कपाटांत आहे. कोडॅक्रोम फिल्म १९३५ साली आली आणि पुढील अर्धशतकात हौशी छायाचित्रकारांनी, प्राध्यापकांनी स्लाइडवर पुष्कळ काही टिपले. हतनूर धरणाआधीचे तापीकाठ, लळिंगचा किल्ला, अजिंठ्याच्या भिंती. निजामाने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी १९२०-२२च्या सुमारास त्या चित्रांवर लाखेचे व्हार्निश चढवले होते. ते पुढे पिवळे पडले आणि पुरातत्त्व खात्याला ते काढण्याचे काम करावे लागले. त्यामुळे साठच्या दशकातील एखादी स्लाइड म्हणजे त्या भिंतीच्या त्या वेळच्या स्थितीचा पुरावा ठरते.

स्लाइडची गोम अशी, की तिला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात जी फिल्म होती, तीच चौकटीत बसवलेली असते. ती हरवली की संपले, गिलच्या कॅनव्हाससारखेच. म्हणून स्कॅनिंग दुकानातून करून घ्यावे की घरी, हा प्रश्न केवळ पैशांचा नाही.

दुकानाचा फायदा वेळेचा. घरच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर एका स्लाइडला चार मिनिटे धरली, तर हजार स्लाइडना सुमारे ६७ तास लागतात, आणि धूळ पुसण्याचा वेळ वेगळाच. पण डबा सोपवण्याआधी विचारावे: काम इथेच होणार की पुढे मुंबई-पुण्याला कुरिअरने जाणार? टिफ फाइल मिळेल की फक्त जेपीजी? क्रम आणि चौकटीवरचे लिखाण जपले जाईल का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. चौकटीवर पेनाने लिहिलेले ‘लेणे १७’ किंवा प्रयोगशाळेने उमटवलेला महिना-साल हे इतिहासकाराला कधी कधी चित्राहून मोलाचे असते. दुकानदाराच्या दृष्टीने तो नुसता पुठ्ठा.

घरी हे सारे हातात राहते. ४००० डीपीआयवर ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या स्लाइडमधून सुमारे २१ मेगापिक्सेल मिळतात, इतके पुरे. धूळ काढणाऱ्या इन्फ्रारेड सोयीवर मात्र कोडॅक्रोमच्या बाबतीत भिस्त ठेवू नये, तिचे थर ते किरण अडवतात आणि चित्रातले बारकावेच पुसले जातात. कृष्णधवल फिल्मलाही ती सोय चालत नाही. सर्वांत शहाणा मार्ग मधला: आधी घरीच प्रत्येक चौकटीचा दोन्ही बाजूंनी मोबाइलने फोटो काढून क्रमांक द्यावेत, दुर्मीळ स्लाइड घरीच स्कॅन कराव्यात आणि सहलींचे, लग्नकार्यांचे डबे दुकानात द्यावेत.

स्कॅन झाले म्हणून स्लाइड टाकू नयेत. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडांमागून खंड छापली, तरी त्यांच्या १९२६मधील निधनानंतर धुळ्यात उभ्या राहिलेल्या राजवाडे संशोधन मंडळाने मूळ कागद जपलेच. छापील वाचनाबद्दल शंका आली की अक्षर आणि शाई मूळ कागदावरच पाहावी लागते. फक्त डबे गच्चीखालच्या खोलीत नकोत. जळगावचा मे महिना ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि त्यामागून येणारा पावसाळा बुरशी घेऊन येतो.