जुन्या गाडीचा धूर काय सांगतो? काळा, निळा आणि पांढरा धूर असा ओळखा

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उजाडायच्या आधीच भाजीपाल्याच्या गाड्यांची गर्दी होते. पिकअप, छोटा हत्ती, तीनचाकी टेम्पो. त्यात नव्या गाड्या असतात, तशाच दहा-पंधरा वर्षं चाललेल्याही. अशी जुनी गाडी धूर मारायला लागली, थरथरायला लागली की पहिला सल्ला मिळतो, "इंजिनचं काम काढावं लागेल."

इंजिन खोलायचं म्हणजे मोठा खर्च, शिवाय गाडी काही दिवस उभी आणि धंदा बंद. पण दरवेळी त्याची गरज असते का? नाही. कधी दोष फक्त चोंदलेल्या एअर फिल्टरचा असतो. कधी मात्र किरकोळ वाटणारा पांढरा धूर इंजिन जाम होण्याची सूचना असतो. म्हणून गॅरेजला जाण्याआधी तीन गोष्टी बघा: धुराचा रंग कोणता, तो कधी येतो आणि त्याला वास कसला येतो.

काळा धूर: इंधन जास्त, हवा कमी

इंधन पूर्ण जळलं नाही की काजळी तयार होते. डिझेल गाडीत हे जास्त दिसतं. खंबाटकीसारख्या घाटात भरलेली गाडी चढताना जुन्या डिझेल इंजिनाने थोडा काळा धूर सोडणं समजू शकतं. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीतूनही तो येत असेल तर दोष आहे.

तपासण्याचा क्रम स्वस्त गोष्टीपासून ठेवा:
- एअर फिल्टर काढून उजेडात धरा. धुळीने भरला असेल तर आधी तो बदला.
- टर्बो असेल तर त्याचे रबरी पाइप फाटलेत किंवा सैल झालेत का ते बघा.
- मग नोझल (इंजेक्टर) तपासून घ्या. नोझलने डिझेलचा बारीक फवारा मारायला हवा. ते ठिबकायला लागलं की धूर वाढतो आणि ॲव्हरेज पडतं.
- शेवटी डिझेल पंपाची सेटिंग. पिकअप वाढावा म्हणून कुणी डिझेल वाढवून ठेवलेलं असू शकतं.

जुन्या कार्बोरेटरच्या पेट्रोल गाडीत काळा धूर आला तर चोक अडकलाय का ते आधी बघा.

निळा धूर: इंजिन ऑइल जळतंय

निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे गाडी ऑइल खातेय. इथे 'कधी' हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर एक निळा झोत आला आणि मग थांबला, तर बहुतेक वेळा वॉल्व्ह सील कडक झालेले असतात. पेट्रोल आणि सीएनजी गाडीत आणखी एक खूण दिसते. दिवे घाटासारखा लांब उतार ॲक्सिलरेटर सोडून उतरलात आणि खाली पुन्हा तो दाबताच निळा धूर आला, तरी संशय सीलवरच जातो. यासाठी सहसा पूर्ण इंजिन खोलावं लागत नाही.

जोर लावल्यावर सतत निळा धूर येत असेल तर रिंग-पिस्टन झिजल्याची शक्यता जास्त. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण जपून सैल करा. आतून धक्क्याधक्क्याने जोरात वाफ येत असेल तर गॅस रिंगांच्या बाजूने खाली उतरतोय. गॅरेजमध्ये यालाच 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. मात्र टर्बोचं सील गेलं तरी निळा धूर येतो आणि ऑइल खुणेच्या वर भरलं असेल तरीही. त्यामुळे डिपस्टिक आधी बघा.

पांढरा धूर: याचे तीन अर्थ

पहिला: थंडीत सकाळी सायलेन्सरमधून येणारी वाफ. इंजिन तापल्यावर ती थांबते. चिंता नको.

दुसरा: डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर. डिझेल न जळताच बाहेर पडतंय. हीटर प्लग, ठिबकणारं नोझल, पंपाचं टायमिंग किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन ही कारणं असू शकतात.

तिसरा धोक्याचा: इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर, काहीसा गोडसर वास आणि कुलंट सारखं कमी होणं. हेड गॅस्केट फुटल्याची ही लक्षणं आहेत. ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये मिसळलंय. अशी गाडी "यार्डापर्यंत तेवढी जाईल" म्हणून चालवू नका, टो करून न्या. आणि गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

गाडी थरथरते, मिसिंग मारते

२००५ साली आलेल्या टाटा एसच्या, म्हणजे पहिल्या छोट्या हत्तीच्या डिझेल इंजिनात दोनच सिलिंडर होते. त्यातला एक नीट चालला नाही तर जवळपास अर्धी ताकद जाते आणि अख्खी गाडी हलते. चार सिलिंडरच्या गाडीत तोच दोष कमी जाणवतो.

डिझेल गाडीत आधी डिझेल फिल्टर बघा. त्यात साठलेलं पाणी काढा, लाइन कुठे हवा ओढतेय का ते तपासा. पेट्रोल-सीएनजी गाडीत स्पार्क प्लग, प्लगची वायर आणि कॉइल. धूर नाही, आवाज एकसारखा आहे, पण केबिन हलतंय? मग इंजिनचे रबरी माउंटिंग फाटलेले असू शकतात.

एक इशारा: कॉमन रेल गाडीत चालू इंजिनाचे नोझलचे पाइप सैल करून बघू नका. त्यात हजार बारपेक्षाही जास्त दाब असतो. डिझेलची धार कातडी फोडून आत जाते.

पीयूसी पास, म्हणजे इंजिन ठीक?

तसं नाही. डिझेलच्या पीयूसीत गरम इंजिन रिकामं रेस करून धूर किती दाट आहे एवढंच मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा ६५ एचएसयू, बीएस-४ ला ५०. सकाळचा निळा झोत किंवा घटणारं कुलंट त्यात दिसत नाही.

दुसरीकडे, धूर हा फक्त मालकाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणारा ठरवला. यार्डात गाडी रिकामी होत असताना हमाल नेमके सायलेन्सरजवळ उभे असतात. तेवढा वेळ इंजिन बंद ठेवणं फुकट आहे.

इंजिन खोलायला होकार देण्याआधी

आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. एकच आकडा खूप कमी असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता असू शकतो. पेट्रोल इंजिनात कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट.

आणि मेकॅनिकला नुसतं "धूर मारते" असं सांगू नका. "सकाळी चालू करताना निळा, नंतर बंद, महिन्याला इतकं ऑइल लागतं" असं सांगा. शक्य असेल तर थंड इंजिन चालू करतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी तापते आणि नेमका तोच पुरावा निघून गेलेला असतो.